आवाज बँडचा की मंडळीचा?

वाचक विचारतात : संगीतसेवा

चर्चमधल्या रॉक बँडबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत ड्रमर आहेत, साउंड सांभाळणारे आहेत, एक पाळकही आहेत, पण तक्रार बहुतेकांची एकच : आम्ही वाजवतो आणि मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले लोक, बघत बसतात. म्हणून उत्तरं देताना कसोटी एकच धरली आहे. बाकावरच्या माणसाला स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज ऐकू येतो का? येत नसेल तर तो पहिल्या कडव्यानंतर तोंड मिटतो.

प्रश्न : आमचं सभागृह लहान, शंभरेक माणसांचं. ज्येष्ठ मंडळी कानात बोटं घालतात. साउंडवाला म्हणतो, "मी ड्रम स्पीकरमध्ये सोडलेच नाहीत." मग आवाज कमी करायचा कुणी?

साउंडवाला खरं बोलतोय. खरा ड्रमसेट जोरात वाजला तर काही फुटांवर शंभर डेसिबलच्या आसपास सहज जातो, माइक लावा किंवा न लावा. त्यावर गाणाऱ्याचा आवाज चढवायचा, मग गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) वाढवणार, मग बेस, मग पुन्हा गायक. ही शिडी उतरायची तर खालच्या पायरीपासून, म्हणजे ड्रमपासून.

पहिला बदल बिनखर्चाचा : सिंबलवरचा (पितळी झांजांवरचा) हात हलका करा. लोकांच्या कानाला बोचतात ते सिंबल आणि स्नेअर, म्हणजे खणखणणारा छोटा ड्रम. किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, धक्का पोटात बसतो, कानात नाही. जाड काठ्यांऐवजी बारीक काठ्या, किंवा पातळ काड्यांची जुडी असते ती (रॉड) वापरा. स्नेअरच्या कातड्यावर कडेला जेलचा तुकडा चिकटवला की तिचा खणखणाट उतरतो. क्रॅश सिंबल पातळ घ्या. जाड सिंबल जोरात मारल्याशिवाय उघडतच नाही.

आता ड्रमपुढे लावतात ते पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं कुंपण. बरेच जण ते समोर उभं करतात आणि फरक पडला नाही म्हणून हिरमुसतात. कारण साधं आहे : कुंपण आवाज गिळत नाही, परतवतं. परतलेला आवाज मागच्या भिंतीवर आणि छतावर आपटून पुन्हा लोकांतच येतो. ड्रमरच्या मागे आणि शक्य असेल तर डोक्यावर जाड शोषक पॅनेल हवं, तरच त्या कुंपणाला अर्थ. तरीही किक आणि फ्लोअर टॉमचा खालचा आवाज त्याला जुमानत नाही. आणि आतला ड्रमर आता दुप्पट मार खातोय, त्याच्या कानात प्लग असलेच पाहिजेत.

गिटारचा अँप जमिनीवर, तोंड लोकांकडे, ही दुसरी चूक. आवाज गिटारवाल्याच्या पोटऱ्यांना लागतो आणि तिसऱ्या रांगेतल्या आजींच्या कपाळात जातो. अँप खुर्चीवर ठेवा किंवा तिरका करून त्याच्याच कानाकडे रोखा. तो आपणहून आवाज कमी करेल. शंभर वॉटचा अँप विकून पन्नासचा घेतल्याने फक्त तीन डेसिबल उतरतात, तेव्हा घ्यायचाच तर पाच ते पंधरा वॉटचा घ्या किंवा मॉडेलरमधून (अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रातून) थेट मिक्सरला जा.

आणि मोजा. मंचावर नाही, बाकावर. मोबाइलचं आवाज मोजायचं अ‍ॅप 'ए' वेटिंगवर (माणसाच्या कानासारखं मोजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण या रविवारची मागच्या रविवारशी तुलना होते. कामाच्या जागी कान सांभाळण्याचा अमेरिकेच्या नायॉश संस्थेचा दंडक असा : ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सरासरी १०० ही कमाल मर्यादा सांगितली आहे. ती कॉन्सर्टची मर्यादा आहे, उपासनेचं लक्ष्य नव्हे. लोकांनी गावं असं वाटत असेल तर लहान हॉलमध्ये ८५ ते ९० पुरे.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये गाणं जसं आहे त्याच पट्टीत आम्ही वाजवतो. पुरुष एक सप्तक खाली जातात, बायका गप्प होतात. कुठली पट्टी घ्यावी?

रेकॉर्डिंगचा गायक बहुधा उंच आवाजाचा, रोज रियाज करणारा. त्याची पट्टी तुमच्या मंडळीची नव्हे. पट्टी गाण्याच्या नावावर ठरवू नका, गाण्याच्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या सुरावर ठरवा. न शिकलेल्या आवाजांच्या समूहाला साधारण खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे ए ते डी, एवढी जागा आरामात मिळते. स्त्रिया या पट्ट्यात, पुरुष त्याच्या एक सप्तक खाली. वरचा ई एखाद्या क्षणी चालतो. ओळभर तिथेच राहायचं असेल तर नाही.

उदाहरण घ्या. गाणं पांढरी सातमध्ये, म्हणजे बी मेजर. सगळ्यात उंच सूर काळी तीन, सगळ्यात खालचा काळी एक. उंच सूर पांढरी दोनवर आणायचा तर चार अर्धस्वर उतरायला हवेत. बी मधून चार खाली म्हणजे जी, पांढरी पाच. खालचा सूर आपोआप पांढरी सहावर येतो. दोन्ही टोकं बसली, आणि गिटारवाल्याला उघड्या कॉर्डही मिळाल्या.

दोन्ही टोकं बसतच नसतील, तर ते गाणं एकट्याने गाण्याचं आहे. ऑफरिंगच्या (दान गोळा करण्याच्या) वेळी गायकाला गाऊ द्या, मंडळीला नको. पहिलं कडवं खाली आणि शेवटचं एक सप्तक वर नेण्याची जी टूम आहे, तिचंही तेच : गायक वर उडतो, लोक खालीच राहतात.

प्रश्न : इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं आम्ही बँडवर गातो. शब्द बरोबर आहेत, मीटरही जमतं, तरी ऐकताना काहीतरी अवघडल्यासारखं वाटतं.

मीटर मोजताना अक्षरं मोजलीत, लांबी मोजली नाहीत. रॉकचा जोर दोन आणि चारवर, स्नेअरसोबत पडतो; त्यातून इंग्रजी ओळी एकाक्षरी शब्दांवर संपतात. 'ग्रेस' हा एकच ठोका, हवा तेवढा ताणा. मराठीत तिथे 'कृपा' येतं. ठोक्यावर 'कृ' टाकून ताणलीत तर 'कृऽऽऽ' असं काहीतरी गुरगुरल्यासारखं ऐकू येतं, आणि 'पा' घाईत पडतो. 'कृ' ठोक्याच्या आधी सरकवा, 'पा' ठोक्यावर येऊ द्या, मग तो चार मात्रा धरलात तरी मोकळा आहे.

शेवटचा लांब सूर आ, ई, ए, ओ यांवर यावा. 'प्रेम' धरता येत नाही. 'म' आला की ओठ मिटतात आणि आवाज नाकात जातो. मग गायक 'प्रेमऽऽ' करतो आणि मंडळी निम्मी मिटलेली, निम्मी उघडी. तिथे 'प्रीती' किंवा 'दया' बसतं का पाहा.

बोलताना आपण 'तार-णा-रा' म्हणतो, तीन तुकड्यांत. चालीत 'र' ला स्वतंत्र सूर दिला की शाळेतलं पाठांतर होतं. 'तार' ला मिळून एकच सूर द्या. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तर मजेशीर : 'आनंदाचा दिन' दोन मात्रा ताणला की कागदावर दिन, कानाला दीन.

आणि ओळ कुठे तोडता ते बघा. 'तो मला सोडणार' म्हणून गायक थांबतो, गिटारवाला दोन बारचा (चार-चार ठोक्यांच्या दोन आवर्तनांचा) रिफ, म्हणजे छोटी सुरावट, वाजवतो, आणि मग 'नाही' येतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन बार म्हणजे चार सेकंद. चार सेकंद सबंध मंडळी उलटाच विश्वास जाहीर करून उभी असते. 'सोडणार नाही तो मला' केलंत तर रिफही राहतो आणि अर्थही.

तपासायची पद्धत सोपी आहे. शब्द ड्रमच्या लयीत, सुराशिवाय, नुसते बोलून पाहा. बोलताना जिथे जीभ अडखळेल तिथेच गाताना मंडळी अडखळते.

प्रश्न : दोन गिटार, कीबोर्ड, बेस, सगळे बरोबर वाजवतात, पण एकत्र आले की नुसता चिखल.

कीबोर्डवाल्याचा डावा हात. बेस गिटार असताना त्याने डाव्या हाताने खालचे सूर धरले की दोघं एकाच जागेसाठी भांडतात, आणि किक मध्येच बुडते. त्याला एक आठवडा डावा हात मांडीवर ठेवायला सांगा. घरी एकट्याने वाजवायची सवय असते म्हणून जड जाईल; फरक मात्र पहिल्याच गाण्यात कळेल.

दोन गिटारांनी एकच आकार एकाच लयीत वाजवायचा नाही. गाणं जीमध्ये असेल तर एकाने उघडा जी घ्यावा, दुसऱ्याने पाचव्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डीचे आकार घ्यावेत. सूर तेच, जागा वेगळी. एक जण ठोके भरत असेल तर दुसऱ्याने बारला एकदाच कॉर्ड सोडावी. मिक्सरवर गायकांच्या आणि अकूस्टिक गिटारच्या चॅनेलला शंभर हर्ट्झच्या आसपास लो कट (खालचे सूर गाळणारं बटण) लावा, कीबोर्डच्या पॅडला (मागे सतत धरलेल्या सुरांना) त्याहून वर. खाली फक्त किक आणि बेस उरू द्या.

गिटारवरचा डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) लयीशी जुळवला नसेल तर तोही चिखलच. डॉटेड आठव्याचा, म्हणजे पाऊण ठोक्याचा, हिशेब : साठ हजार भागिले लय, गुणिले ०.७५. लय ७२ असेल तर ६२५ मिलिसेकंद, १२० असेल तर ३७५. आणि हॉल मुळातच घुमणारा असेल तर रिव्हर्ब (यंत्राने दिलेला घुमारा) बंद. हॉल तो फुकट देतोय.

प्रश्न : मॉनिटर थोडा वाढवला की शिट्टी. माइक चांगल्या कंपनीचे आहेत.

माइक चांगले आहेत, मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) चुकीच्या जागी आहे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक, उदाहरणार्थ शुअर एसएम ५८, बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. मॉनिटर तिथेच, माइकच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. त्याच कंपनीचा बीटा ५८ मात्र सुपरकार्डिऑइड, म्हणजे आणखी अरुंद कोनात ऐकणारा. त्याचा बहिरा कोपरा मागे सरळ नसून सुमारे १२५ अंशांवर, तिरका आहे. एसएम काढून बीटा आणला आणि मॉनिटर तिथेच ठेवला की शिट्टी वाढते, आणि लोक नव्या माइकला नावं ठेवतात.

गायकाने जाळीभोवती मूठ आवळली की माइकची दिशाच मरते. रॅपरसारखं दिसतं खरं, पण मॉनिटर लगेच रडतो. मूठ दांड्यावर, ओठ जाळीपासून दोन बोटांवर. तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात; मिक्सरवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वाढवून तेच मिळवायला गेलात तर शिट्टी सोबत येते. उघड्या माइकांची संख्या दुप्पट केली की तीन डेसिबल हातचे जातात. म्हणून चार कोरसवाल्यांना चार माइक देण्याऐवजी दोन द्या, आणि प्रवचन सुरू झालं की सगळे म्यूट.

प्रश्न : अकूस्टिक गिटार मिक्सरला लावली की 'घूंऽऽ' असा आवाज. कुणीतरी प्लगची अर्थिंगची पिन काढा म्हणालं.

ती पिन काढू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांवर वीज येते, आणि ओठ माइकला लागला की सर्किट पूर्ण होतं. यात माणसं गेली आहेत.

उपाय डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायच्या छोट्या डबीवर) आहे : 'ग्राउंड लिफ्ट' असं छोटं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या केबलमधला ग्राउंडचा दुवा तोडतं. मिक्सर आणि मंचावरचे अँप एकाच फेजवर, जमलं तर एकाच बोर्डावर घ्या. गिटारची साधी केबल सहा मीटरच्या आत ठेवा, पुढचं अंतर डीआयनंतरच्या बॅलन्स्ड (माइकला असते तशा) केबलने काटा. अकूस्टिक गिटारच्या पिएझो पिकअपला अ‍ॅक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय लागतो, त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टचं फँटम (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) द्यावं लागतं. कीबोर्डला साधा पॅसिव्ह (बिनविजेचा) पुरतो. आवाज 'घूं' नसून 'झिर्रर्र' असेल आणि दिवे मंद केल्यावर वाढत असेल, तर दोष डिमरचा आहे.

प्रश्न : वडीलधारे म्हणतात, रॉक हे जगाचं संगीत. त्यांना ल्यूथरचं, सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाचं, उदाहरण द्यावं का? त्याने म्हणे गुत्त्यातल्या चाली उचलल्या.

देऊ नका, पडाल. जर्मन गीतरचनेत 'बार' नावाचा एक घाट आहे : दोन सारखे भाग आणि एक वेगळा. ल्यूथरची अनेक गीतं त्या घाटात आहेत. त्या 'बार' चा कुणीतरी दारूचा बार केला आणि गोष्ट पसरली. एका नाताळगीताला त्याने लौकिक गाण्याची चाल घेतली होती हे खरं. पण १५३९ मध्ये त्याच गीताला नवी चाल आली.

ज्या उदाहरणांवर उभं राहता येतं ती वेगळी आहेत. आज ज्याला पवित्र मानतो तो ऑर्गन झुरिकच्या मुख्य चर्चमधून १५२७ मध्ये काढून टाकला होता, आणि तिथला सुधारक झ्विंगली स्वतः उत्तम वादक होता. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेच्या रस्त्यावरच्या सभांत पितळी वाद्यं आली ती १८७८ मध्ये, इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत एक बाप आणि त्याचे तीन मुलगे वाजवू लागले तेव्हा. रॉकची वेळ आली ती १९६९ च्या सुमारास, अमेरिकेत ख्रिस्ती गायक लॅरी नॉर्मनच्या पहिल्या एकल अल्बमने. पेट्रा हा ख्रिस्ती रॉक बँड १९७२ चा. प्रत्येक वाद्याला एक पिढी दाराबाहेर काढावी लागली आहे.

तरी वादाने हे सुटत नाही. जुन्या पुस्तकातलं, वडीलधाऱ्यांना पाठ असलेलं एक गीत घ्या. मूळ चाल, मूळ शब्द, एक अक्षर न बदलता. पहिलं कडवं फक्त ऑर्गनच्या आवाजात, दुसऱ्यात बेस, तिसऱ्यात ड्रम, तेही रॉडने. शेवटचं कडवं सगळी वाद्यं थांबवून नुसत्या आवाजात. तक्रार बहुधा रॉकविरुद्ध नसते, आपलं गीत हिरावलं गेलं याविरुद्ध असते.

प्रश्न : गीतं पडद्यावर दाखवतो, उपासना थेट प्रक्षेपित करतो. परवानगी लागते का?

उपासनेत गीत गाणं ही एक गोष्ट; तेवढी सूट अनेक देशांच्या कायद्यात आहे. शब्द पडद्यावर टाकणं, छापणं, भाषांतर करणं, रेकॉर्ड करणं, इंटरनेटवर सोडणं हे सगळे वेगवेगळे हक्क, आणि ती सूट त्यांना आपोआप लागू होत नाही. चर्चसाठी एकत्र परवाना देणारी सीसीएलआय ही संस्था १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिथेही थेट प्रक्षेपणाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. भाषांतराची परवानगी प्रकाशकाकडून घ्यायची, आणि ती गायच्या आधी. एका वहीत प्रत्येक गीताचा रचनाकार, प्रकाशक, अनुवादक आणि परवान्याचा क्रमांक लिहून ठेवा.

प्रश्न : गाण्याच्या मध्येच वीज गेली. बँड थांबला, सगळे एकमेकांकडे बघत राहिले. अशा वेळी काय करावं?

ड्रमरने थांबायचं नाही. त्याला विजेची गरज नाही. सिंबल सोडून फक्त किक आणि बंद हाय-हॅटवर (पायाने मिटायच्या जोडझांजेवर), निम्म्या जोराने लय धरून ठेवावी. गायकाने माइक सोडून मंचाच्या कडेशी यावं आणि पुढची ओळ एक ठोका आधी मोठ्याने बोलावी, कारण पडदाही गेलेला असतो. अकूस्टिक गिटार असेल तर तिच्या तारा ब्रिजजवळ (खाली तारा अडकवतात त्या पट्टीजवळ), जोरात छेडाव्यात. एक अट मात्र आहे : पट्टी मंडळीची हवी, गायकाची नाही, नाहीतर अंधारात सगळेच गप्प होतील.

तेवढ्यात साउंडवाल्याने आधी स्पीकर आणि अँपची बटणं बंद करावीत. वीज परतताना मिक्सर चालू होतो तेव्हा जो 'ठप्' उठतो, तो थेट स्पीकरच्या कोनात जातो आणि हाय फ्रिक्वेन्सीचा ड्रायव्हर जाळू शकतो. वीज आली की आधी मिक्सर, मग मंचावरची यंत्रं, सगळ्यात शेवटी स्पीकर. डिजिटल मिक्सरला जागं व्हायला वेळ लागतो, आणि सेटिंग साठवून ठेवलं नसेल तर काहींवर जुनंच उघडतं. म्हणून साउंडचेक संपला की सीन, म्हणजे ते सगळं सेटिंग, सेव्ह करायचा. हे सगळं जमलं तरी मंडळी गात असेल तर कडवं संपेपर्यंत स्पीकर बंदच राहू द्या.